शेंदूर लावलेले ब्रेक पॅड

माझ्या पिकअपमध्ये बाबांनी नऊ वर्षांत एकदाही पाय ठेवला नव्हता. भैरवगढहून छापाच्या चादरींचे गठ्ठे उचलायचे, गावातल्या दुकानांत टाकायचे, उरलेले नानाखेड्याच्या बस स्टँडवरून बाहेरगावी रवाना करायचे, हा माझा धंदा. घर त्याच्यावरही चालत होतं. तरी पाहुण्यांना ओळख करून देताना बाबा म्हणत, "हा मोठा. ट्रान्सपोर्टमध्ये आहे." आणि लगेच पुण्यातल्या धाकट्याच्या प्रमोशनवर घसरत. ते स्वतः सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. आमच्याकडे सगळे लेखणी धरणारे, स्टीअरिंग धरणारा मी पहिलाच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी रोज जेवणाच्या ताटावर बसून अनुभवत होतो.

मग आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाचं वाचनालय जुन्या खोलीतून नानाखेड्याच्या नव्या हॉलमध्ये हलवायचं ठरलं. बाबा मंडळाचे सेक्रेटरी. ठरवलेल्या टेम्पोवाल्याने आदल्या दिवशी हात वर केले. बाबा ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले. दोनदा चहा झाला, गर्मीबद्दल बोलून झालं, तेव्हा कुठे म्हणाले, "तुझी गाडी उद्या कुठे जाणार आहे का?"

नाही म्हटलं. खरं म्हणजे जाणार होती.

"पुस्तकांबरोबर मी बसेन पुढे. पण ती थांबताना फार किंचाळते. आधी ते एकदम बरोबर करून घे."

किंचाळत होते ते पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड. झिजून लोखंडावर आले होते. मिस्त्रीकडे नेली असती तर सकाळी अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मला ते घरीच, बाबांच्या डोळ्यांसमोर करायचं होतं. चार पॅडचा नवा सेट त्याच संध्याकाळी आणला. एका चाकाला दोन पॅड. लोखंडी पट्टीवर एक खरखरीत थर असतो, तो फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि चाक थांबतं. त्या थराला तेल लागलं की पॅड फेकून द्यायचा, हे या धंद्यातला कोणीही सांगेल.

सकाळी मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला आणि डावं चाक उघडलं. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मधेच पेपर खाली करून त्यांनी विचारलं, "हा कितीचा पाना आहे?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. बेचाळिसाव्या वर्षी माणसाने एवढ्याने खूश होऊ नये, पण मी झालो.

डावं चाक बसवून उजवीकडे वळलो तर खोक्यात उरलेले दोन पॅड नव्हते. ते देवघरात सापडले. ताम्हनात ठेवलेले. मारुतीला लावतात तसा आईने तेलात शेंदूर कालवला होता आणि पॅडच्या खरखरीत बाजूवरच चांगला थापला होता. वर अक्षता. मिक्सर असो की गीझर, आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू शेंदूर लागल्याशिवाय सुरू होत नसे.

"आई, हे काय केलंस!"

"काय झालं? आज शनिवार, आणि हे पहिल्यांदा तुझ्या गाडीत बसतायत. माझा जीव राहीना रे."

तिचा चेहरा इतका उजळला होता की मी नुसते पॅड उचलून घेतले. बाहेरून बाबांची हाक आली, "हो गया क्या? तिकडे लोक थांबलेत." बाजारात जाऊन नवा सेट आणायचा म्हणजे तासभर मोडणार. तेवढ्यात ते दुसरी गाडी बोलावतील, मी त्यांना ओळखून होतो. मी ते पॅड पेट्रोलच्या फडक्याने पुसले, पॉलिश पेपरवर घासले. लाल रंग गेला. तेल आत मुरलं होतं. मला ते माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

चाक बसवलं. पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेतलं. गल्लीत एक फेरी मारून बघायला हवी होती, तीही मारली नाही.

बाबांनी खिशातून रुमाल काढला, सीटवर अंथरला आणि त्यावर बसले. मी ते पाहिलं आणि गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणावर समोर भाजीचा ठेला आला. मी ब्रेक मारला. डाव्या चाकाने धरलं, उजवं घसरत गेलं, आणि गाडी झटक्यात डावीकडे ओढली जाऊन विजेच्या खांबावर आदळली. वेग नव्हता म्हणून निभावलं. बाबांचा चष्मा फुटला, भुवईवर थोडं रक्त आलं. ठेलेवाला वर ओरडतोय, "क्या भिया, ब्रेक नी लगा क्या?"

बाबा खाली उतरले. "ऑटो बोलाव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. मला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझ्या भावाला ब्रेकसुद्धा बसवता येत नाहीत." स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. नंतर तिने मला हळूच विचारलं, "माझ्यामुळे का रे?" मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. बाबा ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगत, आई शेजारी बसून पोह्यांच्या बश्या पुढे करत राही. एकदा तरी ती बोलेल म्हणून मी वाट पाहिली. मला तिचा फार राग येत असे.

ती गेल्यावर काही महिन्यांनी बाबांनी तीच गोष्ट पुन्हा काढली, आणि माझा तोल गेला. शेंदूर, तेल, ताम्हन, सगळं ओकून टाकलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू उजवं चाक चढवत होतास तेव्हा तुझी बोटं लाल होती. विचारणार होतो."

"मग विचारलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "गाडीचं काम तुला कळतं ना? म्हटलं, काहीतरी बघूनच बसवत असेल."

आईचं मन राखलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. ते खोटं होतं. मला फक्त बाबांना 'एक तास थांबा' म्हणायची हिंमत झाली नव्हती.

ते थांबले असते.