काळ्या राणीचा टोप

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा चिडते. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय... अहो, असली भुतं मी स्वतः बनवलेली आहेत! बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर होतं. गॅदरिंगचा सीझन आला की आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या चेटकिणी आणि राक्षस माझ्याच खुर्चीत बसून तयार व्हायचे. आपल्या हातानं भूत रंगवायचं आणि मग त्याला विंगेत वडापाव खाताना बघायचं, त्यानंतर कसली भीती राहते? तेव्हा माझा विश्वास वगैरे नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसले, कारण हा किस्सा आमच्या भागात अजून सांगितला जातो आणि दर वेळी चुकीचा सांगितला जातो. तो ऐकला की माझं डोकं फिरतं.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. आमच्याकडे केबल नुकतीच आली होती. एका कॉलेजात नाटकं बसवणारे गोसावी सर एक दिवस पुण्याहून आणलेलं परदेशी मासिक घेऊन पार्लरमध्ये आले. त्यात पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या, काळ्या ओठांच्या बायका होत्या.

"मॅडम, यंदा आपल्याला गॉथिक पाहिजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... भूतच, पण इंग्लिश."

"आणि बजेट?"

"बजेट आपलं मराठीच," सर म्हणाले आणि स्वतःच हसले.

इंदापूरला एकांकिका स्पर्धा होती. सरांच्या एकांकिकेत किल्ल्यात कोंडून मेलेली एक काळी राणी होती. मला असलं काम मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोलू? मेडिकलमधून झिंक ऑक्साइडची पावडर आणली, ती ग्लिसरिनमध्ये कालवून चेहऱ्याचा पांढरा रंग केला. डोळ्यांच्या खोबणीला काजळ, त्यात चिमूटभर कपड्यांची नीळ. काळी लिपस्टिक कुठून मिळणार? मरून लिपस्टिकवर काजळाचं बोट फिरवलं. जुनी मच्छरदाणी काळ्या रंगात उकळून तिची ओढणी झाली. आणि कॉलर! मोडक्या छत्र्यांचं कापड काड्यांसकट कापून मानेमागे उभं केलं, तर अस्सल वटवाघळाचे पंख वाटायला लागले. सर तर उड्या मारायचेच बाकी होते.

राहिला केसांचा टोप. कंबरेपर्यंत केसांचा तयार टोप परवडणं शक्य नव्हतं. मग मला केसवाली आठवली.

हल्लीच्या मुलींना माहीत नसेल, म्हणून सांगते. केस विंचरताना जे हातात येतात त्याला आम्ही गुंतवळ म्हणतो. बायका ती रस्त्यावर टाकत नाहीत, कुणी करणी करेल म्हणून. भिंतीच्या कोनाड्यात साठवतात. मग केसवाली येते, गुंतवळ घेते आणि बदल्यात सुया, फुगे, जास्त असेल तर एखादी वाटी देते. आमच्याकडे येणारी केसवाली इंदापूरकडची गावं फिरून यायची. तिच्याकडून मी पिशवीभर गुंतवळ घेतली, रिठ्यात धुतली, दोन दिवस सोडवत बसले. जुन्या बनियनच्या कापडाची टोपी शिवून तिच्यावर एकेक बट दोऱ्यानं गाठ मारून बसवली. पन्नास बायकांचे केस असतील त्यात. कुणाचे कुठले, देव जाणे.

काळी राणी करणारी मुलगी होती मंगल. इंदापूरजवळच्या एका वाडीतली, वय एकोणीस, बारामतीला हॉस्टेलवर राहायची. आजोबांच्या वेळेपर्यंत त्यांची मेंढरं होती, आता थोडी शेती. वडील वारलेले, घरात आई एकटी. मंगलचा आवाज असा की मागच्या खुर्चीवरचा माणूस दचकावा. पण हे तिचं शेवटचं नाटक होतं. स्पर्धेनंतर पंधराव्या दिवशी तिचं लग्न होतं, तेही तिच्या दाजीशी.

तिची थोरली बहीण वर्षापूर्वी वारली होती. विहिरीवर पाणी शेंदताना पाय घसरला, असं सांगत होते. मागे वर्षाची पोर राहिली, ती आजीकडे होती. आता धाकटीनं त्याच घरात जायचं, पोरीला आई मिळेल, असं ठरलेलं. आमच्याकडे ही रीत नवी नाही. आणि सगळे वर म्हणतात, "बघा, किती समजूतदार पोरगी!"

पहिल्या तालमीनंतर टोप बघितला तर डाव्या कानामागे तळहाताएवढी जागा मोकळी. म्हटलं, गाठी सैल राहिल्या असतील. दुहेरी दोऱ्यानं पुन्हा बटा बसवल्या. दुसऱ्या तालमीनंतर तीच जागा पुन्हा मोकळी! केस गळाले म्हणावेत तर जमिनीवर एक केस नाही. मी मुलांवर ओरडले, कुणी चावटपणा केलाय म्हणून. तिसऱ्यांदा बटा बसवून गाठींवर डिंक लावला, टोप पत्र्याच्या डब्यात ठेवला, डबा कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी डबा उघडला. तीच जागा, तेवढीच. आता जे सांगते ते मी नीट, खिडकीतल्या उजेडात बघितलंय – दोऱ्याच्या गाठी जशाच्या तशा होत्या, डिंकानं कडक झालेल्या. प्रत्येक गाठीचा फास आवळलेला, आणि फासात काही नाही. डब्यातही केस नव्हते.

मी घाबरले नाही, चिडले. इंदापूरला पोचून दुपारी तीनचा प्रयोग गाठायचा होता, आणि हातात टक्कल पडलेला टोप! इंदापुरात हॉलच्या मागच्या खोलीत मंगलच्या डोक्यावर तो चढवला आणि म्हटलं, "आता हे झाकायचं कसं?"

"द्या पिन हिकडं," मंगल म्हणाली. तिनं आरशात न बघता वरची एक बट उचलली, आडवी घेतली, कानामागून वळवली, खाली पिन खोचली. जागा गायब. मी धंद्यानं ब्युटीशियन, मलाही इतक्या सफाईनं जमलं नसतं.

"कुठं शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात, सवय हाय." ती बोटांना लागलेलं काजळ पुसत होती, पुसता पुसता थांबली. "अक्का माहेरी आली की तिची वेणी मीच घालायची. तिचंबी हितंच न्हवतं. दाजी हितंच धरायचे."

मला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला ब्रश मी आपटला.

"आणि त्याच माणसाशी तू लग्न करणार आहेस?"

"आई म्हणती, पोरीला परकी आली तर हाल करंल."

"आईला माहीत आहे?"

"समद्यांना म्हाईत हाय, ताई." एवढं बोलून तिनं ओठ पुढे केले, लिपस्टिक लावायला. आणि मी काय केलं? मी लावली. बाहेर घंटा झाली होती, सर दार ठोकत होते. त्या गोष्टीचा राग अजून आहे मला, आणि तो माझ्यावरच आहे.

हॉल भरलेला. दाजी पहिल्या रांगेत, गावातल्या मोठ्या माणसांबरोबर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर ती दोन वर्षांची पोर. मी विंगेत उभी. मंगल काय सुरेख करत होती! शेवटी राणी ओढणी आणि कॉलर उतरवून टाकते, दोन्ही हातांत मेणबत्त्या घेते आणि प्रेक्षकांकडे पाठ करून पायऱ्या चढते, असा प्रवेश होता. तिनं ओढणी टाकली, कॉलर टाकली, मेणबत्त्या उचलल्या. पाठ केली. आणि ती आडवी घेतलेली बट बाजूला झाली... पिनेसकट नाही हं. पिन कानाखाली जिथे होती तिथेच राहिली, नंतर मी स्वतः ती काढली. बट तिच्यातून निघून खांद्यावर आली, कुणीतरी हळूच बाजूला सारावी तशी. डाव्या कानामागची उघडी जागा लाइटमध्ये सगळ्या हॉलला दिसली.

मंगलनं मुद्दाम केलं का? तिचे दोन्ही हात दोन बाजूंना पसरलेले होते, हातात मेणबत्त्या होत्या. आणि मुद्दाम केलं असतं तर मी तिची पाठच थोपटली असती.

तिसऱ्या रांगेतून आई उठली. "माझी थोरली! आगं माझी थोरली आली!" असं ओरडत, पोर कडेवर घेऊन ती सरळ स्टेजच्या पायऱ्या चढली. हॉलमध्ये एकच गोंधळ. कुणी म्हणालं अंगात आलं, कुणी हात जोडले, पडदा पाडला.

मागच्या खोलीत ती मंगलच्या पाठीशी उभी राहिली आणि त्या जागेवरून बोटं फिरवत राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "उपटल्यालं केस फडक्यात बांधून आणलं व्हतं तिनं. मला दाखवाय. म्हनली, आई बघ, हे बघ. मी म्हनलं, संसारात हुतंय आसं. फडकं कोनाड्यात ठिवलं न् तिला गाडीत बसवून दिली. पुढं ती वारली, मग केसवाली आली तवा त्येबी दिऊन टाकलं. वाटी आली त्येची."

तेवढ्यात दाजी आत आला, मागे गोसावी सर.

"मामी, काय तमाशा लावलाय चारचौघांत? चला घरी."

आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लेक देत न्हाय मी. जावा तुमी."

"आन् पोरीचं?"

"तीबी देत न्हाय."

तो गेला. पोरगी परत मागायला तो कधीच आला नाही – मुलगी होती ना, कशाला येईल! मंगल पुढे शिकली, शिक्षिका झाली, ती भाची तिनंच वाढवली. एवढं एक त्या दिवसाचं बरं झालं.

पण मला ज्याचा संताप येतो ते पुढेच आहे. बक्षीस गेलं म्हणून सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि नंतर जन्मभर छाती फुगवून सांगत राहिले, "आमच्या प्रयोगाला खरं भूत आलं होतं!" इंदापूरपासून बारामतीपर्यंत गोष्ट पसरली की थोरली बायको लग्न मोडायला आली. तिचे डोळे लाल होते म्हणे. डोळे मी रंगवले होते, काजळ आणि नीळ, लाल कुठून येणार? कुणी म्हणालं, ती हवेत तरंगत होती. सगळं सांगितलं लोकांनी, चघळून चघळून सांगितलं. तो तिचे केस उपटायचा, एवढं एक वाक्य मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. भूत सांगायला पंचक्रोशी पुढे, आणि जे डोळ्यांनी बघितलं ते बोलायला सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या!

चार महिन्यांनी सोमेश्वरनगरकडचे एक गृहस्थ पार्लरच्या दारात आले. साधे, मळलेली टोपी, चप्पल बाहेर काढून उभे राहिले. आत या म्हटलं तर बायकांचं दुकान म्हणून आत येईनात.

"ताई, त्या नाटकात तुमी व्हता म्हनं. आमच्या लेकीला त्याच घरातनं मागणी हाय. पर लोक कायबाय बोलत्यात. म्हनलं, खरं काय ते इचारून यावं."

मी त्यांना बाकावर बसवलं. पाणी दिलं. आणि सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. कानामागची जागा, फडक्यात बांधलेले केस, आईचं बोलणं, विहीर. आवाज चढला माझा, खुर्चीतली गिऱ्हाईक बाई घाबरून बघायला लागली. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, चला, निदान एक पोर वाचली.

माझं संपल्यावर त्यांनी टोपी सारखी केली.

"म्हंजी मारत व्हता."

"हो. मारत होता."

"पर घरात बाधा-बिधा काय न्हाय ना? थोरली दिसती-बिसती, आसलं?"

"नाही हो! भूतबित काही नाही. तो माणूस –"

"मग झालं," ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. "घोर लागला व्हता जिवाला. लई उपकार झालं, ताई." चप्पल घालून ते निघून गेले. त्याच महिन्यात लग्न लागलं. पत्रिका मलाही आली होती.

तो टोप मी काही वर्षं जपून ठेवला होता. टोपीला रिकाम्या गाठी होत्या. ते केस कुठे गेले, बट पिनेतून कशी निघाली, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. पण मला विचाराल तर रात्री झोप उडते ती त्या गाठींमुळे नाही. त्या गृहस्थांना मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की त्या घरात भूत नाही.