पासिंगचे लायनर

नांदूरघाटच्या फाट्यावर योगीराज स्वामीचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे बाभळीला बांधलेली ताडपत्री, एक जॅक आणि हत्यारांची पेटी. जागा आदिनाथ पाटलांची. नव्वदनंतर गाड्या सहज मिळू लागल्या, तशा पाटलांच्या तीन जीपा केजच्या वाटेवर प्रवासी वाहू लागल्या. त्या तिन्हींत मिळून मागच्या ब्रेकच्या लायनरचा चांगला संच मात्र एकच होता.

एखादी गाडी पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीसाठी, बीडला निघाली, की योगीराज तिची मागची चाके उतरवी, ड्रम ठोकून काढी, झिजून गुळगुळीत झालेले लायनर सोडवी आणि हा संच बसवी. गाडी पास होऊन आली, की चांगला संच पेटीत आणि जुने लायनर पुन्हा चाकात. मागून आणलेल्या दागिन्यांवर मुलगी उजवावी, तशातला प्रकार. यात कोणालाच पाप दिसत नव्हते, योगीराजलाही नाही. वाईट रीत टिकते ती बहुधा नीटनेटके काम करणाऱ्या हातांवर.

कार्तिकात कपिलधारच्या यात्रेहून परतताना त्यांतली एक जीप उतारावर थांबलीच नाही. योगीराजच्या शेजारची सुंदरबाई त्यात गेली. त्या गाडीत जुने लायनर त्यानेच आठ दिवसांपूर्वी परत बसवले होते. पंचनामा झाला, चालकाचा दोष ठरला. योगीराजला कोणी एका शब्दाने विचारले नाही. त्याला रडू आले नाही, झोपही उडाली नाही. ताटात काय वाढले आहे, हे मात्र कळेनासे झाले. जीप दुरुस्त होऊन पुन्हा वाटेला लागली.

पौषात दुसरी जीप बीडहून पास होऊन आली. बंकट चालवत होता, शेजारी पाटील. पाटील उतरत म्हणाले,

"स्वामी, उद्या तिसरीचं पासिंग हाय. काढा लायनर."

"न्हाई काढत."

"कावून?"

कारण योगीराजला ठाऊक होते. "राहू द्या हिलाच," एवढेच तो म्हणाला.

"लई शाने झालात की! गाडी तुमच्या आज्यानं घेतली का?" पाटील हसले. "बंकट, बोलव बे त्या धुळाजीला."

बंकट जाता जाता पुटपुटला, "स्वामी, काढून टाका ना. माझं काय, हातब्रेक हाय, वर महादेव हाय."

धुळाजी गावातले ट्रॅक्टर दुरुस्त करी. त्याने योगीराजचाच जॅक लावला, चाक उतरवले. ड्रम दोन घावांत सुटेना. मागे न पाहताच त्याने हात पसरला. "मोठा हातोडा द्या, स्वामी."

योगीराजने दिला. स्प्रिंग ओढायला पक्कड लागली, तीही दिली. जुने लायनर बसवून, ड्रम चढवून धुळाजी उठू लागला.

"असं नगं," योगीराज म्हणाला. "लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळ, मग जरासं ढिलं कर. न्हाईतर ड्रम तापंल."

धुळाजीला ते साधेना. तेव्हा योगीराज स्वतःच मातीत बसला, पाना फिरवत, ड्रम हाताने गरगर फिरवून पाहत राहिला, थेट नेमके जमेपर्यंत.

"आता कसं!" पाटील म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

योगीराजने जॅक उचलला आणि कोणी न सांगता दुसऱ्या चाकाखाली लावला.