तिसऱ्या रंगाचा कडता

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, साताऱ्यात आमच्या जेवणाच्या टेबलाशी एक लाख ऐंशी हजार रुपये ठरले. हजर तिघे: मी, बायको आणि सांगलीहून आलेला तिचा धाकटा भाऊ. तो हळदीचा व्यापारी, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पैसे त्याचे, आराखडा माझा.

त्याला हळद पावडरीतली भेसळ तपासणारं, खिशात मावेल असं यंत्र हवं होतं. त्यासाठी सपाट भिंग आखायचं होतं. काचेवर केसापेक्षा शेकडो पट बारीक खांब उभे करायचे. त्यांची जाडी बदलेल तसा प्रकाश वळतो. निळा हळदीवर पाडायचा, तिच्यातून उठणारी हिरवी चमक टिपायची, तुलनेला तांबडा. तिन्ही एकाच बिंदूवर यायला हवेत. भिंग घडवणाऱ्या प्रयोगशाळेत नंबर एकदाच मिळणार होता, नमुनाही एकच; ठरलेले पैसे त्यासाठीच.

तांबड्याला नेमके बसणारे खांब निळ्याला भलतीकडे फेकत. निळा जागेवर आणला की हिरवा सरके. खांबांचे तीन वाटे केले, एकेका रंगाला एक. रंग जागेवर आले, पण बिंदूवरचा उजेड वाट्याच्या वर्गानं घटून जेमतेम एक नवमांश. महिनाभर रोज संध्याकाळी हेच. घरात कुणी चहा विचारला तरी मी खेकसायचो.

शेवटी मेहुण्याला फोन केला.

"आवं दाजी, कडता कापा की! पोत्यामागं किलो-दोन किलो आमी कापतोच. एक रंग सोडा."

"पोत्यातली थोडी कापली तरी उरते ती हळदच. इथं निळा सोडला तर काहीच उरत नाही."

"मग तांबडा सोडा. लय ताणू नका."

राग आला. पण नंबर चार दिवसांवर होता. तांबडा सोडला, उरलेले दोन एका बिंदूवर बसले. फाईल पाठवली. तुलनेवाचून यंत्र किती वेळा चुकेल, हे मात्र मला सांगता येत नव्हतं, आणि तेच सलत होतं.

पैसे भरायच्या दिवशी सांगलीला त्याच्या दुकानात गेलो. त्यानं एक लाख वीस हजारांचा चेक पुढं केला.

"तीन रंगांचे एक-ऐंशी ठरले होते, दाजी. दोनाचे एक-वीस."

"अरे, प्रयोगशाळा रंगावर नाही, मशीनच्या तासांवर पैसे घेते. खांब तेवढेच आहेत!"

"मग त्यांनाबी कडता लावा."

प्रयोगशाळेला पूर्ण एक लाख ऐंशी हजार पोचले. त्यातले साठ हजार माझे, मुदतठेव मोडून. मुदतीआधी मोडल्याचा दंड बँकेनं कापला तो वेगळा.