खांब खाली बसला

डेपोत त्याला सगळे 'खांब' म्हणत. कंडक्टर म्हणून आयुष्य चालत्या बसमध्ये उभ्याने काढलेलं. सीट रिकामी असली तरी हा आपला मागच्या दाराशी दांड्याला टेकून उभा. कारण साधं होतं. बूड टेकलं, की त्याचा डोळा लागायचा. बसलो म्हणजे ड्युटी संपली, असं शरीराने ठरवूनच टाकलं होतं. लग्नाच्या फोटोत बायको कॅमेऱ्याकडे बघतेय आणि हा शेजारच्या खुर्चीत घोरतोय.

मग बसमध्ये तिकिटाची यंत्रं आली. साहेब म्हणाले, आता कंडक्टर नकोत. संध्याकाळच्या वर्गात कॉम्प्युटर शिका. पास झालात तर ऑफिसात, नाहीतर घरी.

पहिल्याच दिवशी खांब वर्गात घोरला. शिकवणारी बाई त्याच्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, उभ्यानेच शिका बरं तुम्ही," आणि तिने खिडकीच्या उंच कट्ट्यावर त्याचा कॉम्प्युटर मांडून दिला. घरी लेकीचा जुना लॅपटॉप फ्रिजवर चढला.

"सरका, दूध काढायचंय," बायको म्हणायची.

"थांब गं, बेरीज चाललीये."

"अहो, तुमच्याआधी फ्रिजलाच नोकरी लागायची!"

पण त्याला खरंच येऊ लागलं. बाई 'छान' म्हणाली, तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला की नाही, त्याचं त्यालाच कळेना. यंत्रं आली त्या दिवसापासून आत काहीतरी इंजिन बंद करून उभं होतं.

परीक्षेला परीक्षक बाहेरचा.

"साहेब, मी उभ्याने देतो."

"लोंबकळायला ही काय गाडी आहे? खुर्चीत बसायचं, नियम आहे."

वर्ग हसला. खांबही हसला आणि बसला. खुर्ची मऊ होती. पहिला तक्ता त्याने झटपट केला. दुसरा उघडला.

जाग आली ती खांद्यावरच्या हाताने. बोट एकाच बटणावर राहिलेलं. पडद्यावर एकच अक्षर, ओळींमागून ओळी.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाला.

"हो का," म्हणत खांबाने सवयीने घंटीच्या दोरीकडे हात नेला. वर नुसतं छत होतं.

घरी बायकोने दारातच विचारलं, "कशी झाली?"

"छान झाली. झोप."

ती हसणार होती. त्याच्याकडे बघून थांबली. मग तिने फ्रिजवरचा लॅपटॉप गुपचूप उतरवला.

खांब खुर्चीत बसला. बराच वेळ बसून राहिला. डोळा काही लागेना.