रोहण्याच्या बाजारातला ‘नाई’

वर्ध्याहून निघालो तेव्हा पिशवीत पत्रके, काखेत पत्र्याचा भोंगा आणि डोक्यात एकच वाक्य होते : मराठी माणसाचे राज्य मराठीतच चालले पाहिजे! आंजीला मोटार बिघडली. ड्रायव्हर खुशाल बिडी ओढत बसला. जनतेच्या वेळेची ही किंमत! शेवटी एका दमणीत (हलक्या बैलगाडीत) जागा मिळाली. तुरीच्या ओल्या शेंगा सोलत, फुटलेल्या कपाशीतून रोहण्याला पोचलो.

बाजार भरला होता. ओट्यावर चढून मी गर्जना केली, “बंधूंनो, आपल्याला मातृभाषेचे राज्य हवे की नको?”

“नाई! नाई!” मागून एक बाई ओरडली.

वऱ्हाडीत नाई म्हणजे नाही. माझे पित्त खवळले. “का नको, बाई? सांगा सगळ्यांना!”

ती गाड्यांखाली वाकून बघत होती. डिंक विकायला आलेली गोंड म्हातारी, डोळे भरलेले. “माहा कुत्रा हरपला, भाऊ. आमच्या बोलीत कुत्र्याले नाई म्हंतेत. घरी बुढ्याले दिसत नाई. त्याचीच दोरी धरून नदीवर जाते बुढा.”

भाषण राहिले बाजूला. मी भोंग्यातून ओरडू लागलो, “नाई! नाई!”

“काय नाई नाई करून राह्यला बे?” कांदेवाला खेकसला. इकडे न्हाव्यालाही नाई म्हणतात. तोही धोकटी घेऊन हजर! “मले काऊन बलावलं, बुवा? तुमची दाढी तं उगवलीच नाई अजून!”

बाजार खदखदून हसला. म्हातारी हसली नाही. ऊन कलले, तिच्या गावची माणसे निघाली.

“चाल वं, रस्ता जंगलाचा हाय.”

“तुमी जा. बुढ्याले काय सांगू मी?”

मी भोंगा तिच्या हाती दिला. आधी तिने तो उलटा धरला. मग ओरडली नाही, गोंडीत हळू बोलली, घरात बोलावे तशी. ‘नाई’ सोडून मला एक अक्षर कळले नाही.

कापसाच्या गाड्यांमागून एक मातकट कुत्रा लंगडत आला, मग धावतच सुटला. त्याने आधी भोंग्यात तोंड खुपसले, आवाज कुठून आला ते हुंगायला. तेव्हा म्हातारी हसली.

वर्ध्याला परतल्यावर सोबत्यांनी विचारले, “रोहण्याची सभा कशी झाली?”

“मातृभाषेवर झाली,” मी म्हणालो. “भाषण एका म्हातारीने केले. श्रोता एकच होता, पण तो धावत आला.”