बिनआवाजाची भातुकली

माझ्या मुलीला ताप आला, तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. "आये, पानी", "बा आला" एवढंच, पण स्पष्ट. ताप मेंदूत गेलाय, असं दवाखान्यात सांगितलं. ती वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. वाचली, तेव्हा आम्ही त्यातच हरखून गेलो. घरी आल्यावर हळूहळू तिचे शब्द एकेक करून गळायला लागले. आधी "बा" गेला, मग "पानी". उन्हाळा लागेपर्यंत ती पार गप्प झाली.

तेव्हा आम्ही औरंगाबादला शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मालक, म्हणजे हिचे वडील, एसटीच्या वर्कशॉपात होते. सासूबाई देवगाव रंगारीहून नातीच्या दुखण्यापायी आल्या आणि आमच्याकडंच राहिल्या. बहात्तरचा दुष्काळ सरून फार काळ झाला नव्हता. गावाकडं तरी परत जाऊन त्या काय करणार होत्या.

मुलीला ऐकू येत नसेल, ही शंका आमच्या मनात आली नव्हती असं नाही. सासूबाईंनीच एकदा तिच्या पाठीमागं पितळेची परात फरशीवर टाकली. पोरगी दचकून मागं वळली. "बघ, येतंय का नाय ऐकू?" त्या म्हणाल्या. "भ्यालंय लेकरू. सुया टोचून टोचून वाचा बसली तिची." मालकांनी दार आपटून पाहिलं, तेव्हाही तिनं मान वर केली. मग शंका मिटली. ऐकू येतंय, पण बोलत नाही, असं ठरलं. खुलताबादला दर्ग्यात दोरा बांधून आणला. वेरूळला घृष्णेश्वरापुढं तिला लोटांगण घालायला लावलं. काही झालं नाही.

मग कुणीतरी मालकांना सांगितलं, की लाडावून ठेवलंय पोरीला, न बोलता सगळं मिळतंय म्हणून बोलत नाही. त्या दिवसापासून घरात नियम झाला, तोंडानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. उन्हाळ्याचे दिवस. ती माठाकडं बोट करायची. मी पेला भरून तिच्या हाताला लागणार नाही असा उंच धरायची आणि म्हणायची, "पानी म्हण. म्हण बाई, पानी." ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. टाचा वर करून पेल्याला हात लावायला बघायची. मी आणखी उंच धरायची. शेवटी ती जमिनीवर अंग टाकून रडायची, आणि मग मी पाणी द्यायची. कधी मी देण्याआधीच ती रडत रडत झोपून जायची.

असं सगळा उन्हाळा आणि पावसाळा चाललं.

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेतून मालकांनी तिला लाकडी भातुकली आणली. तिच्यावर ओरडून ओरडून त्यांचाच जीव दमला होता. लाल-पिवळ्या लाखेची चूल, तवा, पोळपाट-लाटणं, उखळ-मुसळ, बोटाएवढे पेले, आणि दोन बाहुल्या, एक मोठी, एक लहान. पोरगी त्या खेळण्यांवर तुटून पडली. कित्येक महिन्यांनी ती घरात हसली. सासूबाई म्हणाल्या, "आता बोलंल बघ. खेळता खेळता लेकरं बोलत्यात."

एका दुपारी मी दारात बसून ज्वारी निवडत होते. ती माझ्याकडं तोंड करून खेळत होती, पण ध्यान खेळात होतं. तिनं चूल मांडली, भाकरी थापल्यासारखं केलं. मग लहान बाहुली पुढ्यात उभी केली, लाकडी पेला उचलला आणि बाहुलीच्या डोक्यावर उंच धरला. आणि तिचं तोंड हलायला लागलं. मोठं उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. भुवया वर चढलेल्या, मान पुढं काढलेली. ते माझं तोंड होतं. माझी मान अशीच पुढं येते, मला माहीत आहे. सगळं तंतोतंत, फक्त आवाज नाही. कुजबुज सुद्धा नाही.

मग तिनं बाहुली आडवी पाडली. स्वतः रडल्यासारखं तोंड केलं. पुन्हा उभी केली आणि या वेळी ती बाप झाली, बोट नाचवत, तोंड उघडत मिटत. मग आजी झाली. तिच्या खेळातली आम्ही सगळी माणसं नुसती तोंडं हलवत होतो.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी उठले. तिच्या मागं जाऊन लाकडी मुसळ उखळावर आपटलं, पण जमिनीला लावून नाही, दोन्ही हातांत अधांतरी धरून, तिच्या कानापाशी. ती वळली नाही. परत आपटलं, जोरात. ती भाकरी थापत होती. मग मी मुसळ फरशीवर ठोकलं, आणि ती लगेच मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. बसल्या जागी तिला हादरा कळला होता. परातीचाही हादराच कळला होता, दाराचाही.

संध्याकाळी मालक आले तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं असंल?" तिच्या मागं उभे राहून त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग ओरडायला लागले. लेकीच्या पाठीशी उभा राहून बाप गळा फाडून ओरडतोय आणि ती शांतपणे बाहुलीला पदर गुंडाळतीये. शेजारच्या खाला धावत आल्या, "क्या हुआ बाई, बच्ची को कुछ हुआ?" म्हणून. मालक तसेच भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तापात दोन्ही कानांच्या नसा गेल्या. औषध नाही. सासूबाईंनी विचारलं, "मंग वाचा?" डॉक्टर म्हणाले, "आजी, जे ऐकू येत नाही ते ती बोलणार कशी?"

त्यानंतरचा हिवाळा मला नीट आठवत नाही. मी तिच्या कानाला तोंड लावून ओरडायची, हे आठवतं. डॉक्टरांनी सांगितलेलं कळत होतं, तरी ओरडायची. माझ्या श्वासानं तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती हसायची. ते हसू मला बघवायचं नाही.

दुसरं काही सुचेना म्हणून मी तिच्या भातुकलीत जाऊन बसायला लागले. पेला दाखवून अंगठा ओठाला लावला की पाणी. लाटण्यासारखा हात फिरवला की भूक. एवढ्यावर आमचं घर चालायला लागलं. सासूबाईंना ते आवडायचं नाही. "हातवारे नको करू. लोक मुकी म्हणत्याल," त्या म्हणायच्या.

अशीच ती सहा वर्षांची झाली. नगरच्या पुढं बहिऱ्या मुलांची एक शाळा होती, मुलांनी तिथंच राहायचं. दुसरा मार्ग नव्हता. पण तिला सांगायचं कसं, की तुला ठेवून आम्ही जाणार, आणि दिवाळीला न्यायला येणार? पाणी, भूक, झोप यांना हाताच्या खुणा होत्या. "परत येईन" याला काहीच नव्हतं.

जूनमध्ये तिला सोडायला निघायच्या आधी मी दोन्ही बाहुल्या घेऊन तिच्यासमोर बसले. मोठी बाहुली लहानीजवळून उचलली, उंबऱ्याबाहेर नेली, थोडं थांबले आणि परत आणून लहानीला भेटवली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. किती वेळा केलं ते देवाला माहीत. ती एकटक बघत होती. मला वाटलं, समजलं. मग मी मोठी बाहुली पुन्हा दाराकडं न्यायला लागले, तर तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि झग्याच्या आत, पोटाशी दडवली. काढून घ्यायला गेले तर चावली.

शाळेच्या आवारात तिला तिथल्या दोघी बायांनी धरून ठेवलं होतं. ती ओरडत होती. बहिऱ्या मुलाचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. एसटीत बसेपर्यंत मालकांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं नाही.

दिवाळीला तिला न्यायला गेलो. ती उंच झाली होती, केस कापलेले. मला बघून ती आली नाही. शिक्षिकेनं पुढं ढकललं तेव्हा येऊन उभी राहिली आणि भराभर हातांनी काहीतरी सांगायला लागली. वर्गात बाई ओठांवरून बोलणं शिकवायच्या, पण मुलं आपापसांत हातांनीच बोलायची, ती भाषा होती. मला त्यातलं एक अक्षर कळेना. मी शिक्षिकेला विचारलं, "काय म्हणतीये?"

त्या म्हणाल्या, "विचारतीये, किती दिवसांसाठी आलात."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केले. ती माझ्या हातांकडं बघत राहिली, उत्तराची वाट पाहत.