प्रोफेसर नाडगीरांच्या ओळखी

धारवाडातल्या आमच्या कॉलेजात गुरुराज नाडगीर रसायनशास्त्र शिकवायचे. म्हणजे वर्गात उभे राहायचे. काम करायचा नागोजी, प्रयोगशाळेतला शिपाई. बाटल्यांवरची नावं ॲसिडानं केव्हाच खाल्ली होती, पण कुठल्या बाटलीत काय आहे ते नागोजीला तोंडपाठ. तो मांडून ठेवी, हे नुसते ओतत.

नाडगीरांची खरी विद्या वेगळीच. विद्यापीठाच्या कुठल्या मेंबराकडे मुंज आहे, कुणाचे वडील आजारी आहेत, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळे. मोठ्या घरचं एकही लग्न त्यांनी चुकवलं नाही. पंचा खोचून पंक्तीत तूप वाढायचे. मी त्यांच्याच हाताखालचा लेक्चरर. असल्या माणसाला मी सर म्हणत होतो, याची आजही किळस येते.

छत्तीस साली मुख्य प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईहून कमिटी प्रयोग पाहायला येणार होती आणि तिच्या शब्दावर सगळं ठरणार होतं. जागा हुकली तर नाडगीरांना आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या हाताखाली राबावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात नागोजी अक्षता घेऊन आला. मी तिथंच होतो.

"सायेब, अळणावरला पोरीचं लगीन हाय. चार दिस रजा द्या. आन् तुमी बी या."

नाडगीर एका मेंबराला पत्र लिहीत होते. मान वर न करता त्यांनी रजेच्या अर्जावर सही ठोकली. शिपायाच्या घरचं लग्न, तारीख कशाला बघतील?

कमिटी आली तेव्हा नागोजी मांडवात होता. नाडगीर कपाटासमोर घाम पुसत उभे. शेवटी अंदाजानं दोन बाटल्या काढून त्यांनी एकत्र ओतल्या. पांढरा धूर उसळला आणि कमिटी खोकत व्हरांड्यात आली. मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, एकदाचं सोंग उघडं पडलं.

कसलं काय. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "आमच्या इंदुमतीच्या लग्नात वाढायला तुम्हीच होता ना?"

जागा नाडगीरांना मिळाली. खापर नागोजीवर फुटलं, न सांगता गैरहजर म्हणून.

चौकशी माझ्याकडे आली. नागोजी म्हणाला, "आचार्य सायेब, सही करताना तुमी बगितलंय न्हवं?"

रजेचे अर्ज माझ्याकडेच राहत; तो सहीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. मी तो फाडला. विद्यापीठाच्या परीक्षकांची नावं आता नाडगीर सुचवणार होते.

पुढच्या वर्षी मी परीक्षक झालो.